गुलाबी खुर्च्यांचा तंबू

३ मार्च, सोमवार

आज माझ्यावर जो अन्याय झाला त्याची नोंद दुसरं कुणी घेणार नाही, म्हणून मीच घेते. माझा टेबलफॅन गेला.

साधासुधा पंखा नव्हता तो. वायरलेसच्या खोलीत माझ्या डाव्या हाताला असायचा आणि त्याची मान अर्धीच फिरायची. त्यामुळे वारा आधी भिंतीला, मग गल्ल्यांच्या नकाशाला, मग संस्थापकांच्या तसबिरीला, आणि सगळ्यांचं झाल्यावर, उपकार केल्यासारखा, क्षणभर मला. त्या क्षणभराच्या वाऱ्यावर मी आमच्या चिनी वस्तीतले, बिनोन्दोतले, कितीतरी उन्हाळे काढले. अर्धं मनिला पेटलेलं असतानाही वायरलेसवर माझा आवाज कधी चढला नाही. त्याचं श्रेय लोक माझ्या स्वभावाला देतात. ज्यांना माझा स्वभाव माहीत आहे ते पंख्याला देतात.

आता तो पंखा आहिया रुफिनोच्या खोलीत आहे आणि तिथे त्याची मान पूर्ण फिरते म्हणे. यंत्रांनाही हुद्दा कळतो.

पंख्यामागून मीही त्या खोलीतून बाहेर पडले, पण ती किरकोळ बाब. रुफिनो माझा सख्खा थोरला भाऊ आणि आमच्या स्वयंसेवी अग्निदलाचा प्रमुख. घरी मी त्याला आहिया, म्हणजे दादा, म्हणते, दलातही सगळे आहियाच म्हणतात. त्यामुळे तो चुकला तरी थोरलेपणाने चुकतो, आणि त्यावर अपील नसतं.

"लिटा, वायरलेसवर आता तू नको," तो म्हणाला. "सगळे निरोप मोबाईलवर येतात. तू तंबू सांभाळ."

"कसला तंबू?"

"विश्रांतीचा. आगीच्या ठिकाणी लावायचा. माणसं आतून बाहेर आली की बसवायची, कोट काढायला लावायचा, पाणी पाजायचं, नाडी बघायची. नाडी उतरल्याशिवाय परत आत सोडायचं नाही."

"म्हणजे सरबतवाली."

"नाडी ग्लेन्डा बघेल, ती नर्स आहे. तू फक्त माणसं बसव. तुला नाही म्हणायची दलात कुणाची छाती नाही." असं म्हणून त्याने स्वतःच्या शर्टाचा खिसा उगाच चाचपला.

"आणि पंखा असून तुला एवढा घाम कसा?"

"उन्हाळा आहे," तो म्हणाला. माझा पंखा माझ्याकडे पाठ करून त्याला वारा घालत होता.

६ मार्च, गुरुवार

तंबूचं साहित्य आलं. तंबू निळा, चांगला आहे. बर्फाची पेटी चांगली आहे. बादल्या, टॉवेल, रक्तदाब मोजायचं यंत्र, सगळं ठीक. खुर्च्या गुलाबी आहेत.

आमच्या दलातला एक सभासद वाढदिवसांना सामान भाड्याने देतो. त्याने मोठ्या मनाने खुर्च्या दान केल्या. प्रत्येकीच्या पाठीवर मुकुट काढलेला आहे आणि खाली 'लाडक्या राजकन्येस'. या खुर्च्यांवर मी धुरातून बाहेर आलेले दणकट पुरुष बसवायचे आहेत.

तसं पाहिलं तर आम्ही शोभेची सवय असलेलं दल आहोत. आमचं नाव 'तांबडं कासव'. संस्थापक बेकरीवाले होते, तांदळाच्या पिठाची तांबडी कासवं करून विकायचे. दीर्घायुष्य लाभावं म्हणून लोक ती वाढदिवसाला खातात. पहिला बंब घेतला तेव्हा त्यांनी दारावर तेच रंगवून घेतलं. आगीकडे धावत सुटलेल्या गाडीवर कासव! दोन गल्ल्या पलीकडच्या दलाने स्वतःचं नाव 'पहिली घंटा' ठेवलं, ते आम्हाला खिजवायलाच. पण सांगून ठेवते, ते कासव मला फार आवडतं. गाडी वळणावर आली की अख्खी गल्ली बाजूला होते, आणि म्हाताऱ्या बायका कासवाला हात जोडतात.

संध्याकाळी अंगणात सराव घेतला. होजचं तोंड, म्हणजे नोझल, धरणारा आमचा पहिला माणूस बोयेत. एरवी ट्रक चालवतो, दारातून आत येताना आडवा होऊन येतो. त्याला खुर्चीत बसवलं, बादलीत बर्फाचं पाणी ओतलं आणि कोपरापर्यंत हात बुडवायला सांगितले.

"आचि, नखंपण रंगवणार का?" दलात मी सगळ्यांची आचि, म्हणजे ताई.

"हात बुडव."

"नाही, राजकन्या म्हणून बसलोय, तर म्हटलं सगळंच होऊ दे."

"हातातलं रक्त गार झालं की सगळं अंग लवकर गार होतं," ग्लेन्डा समजावू लागली. ती सरकारी दवाखान्यात रात्रपाळी करते आणि दिवसा आमच्याकडे फुकट राबते. अशी माणसं समजावत बसतात. मी समजावलं नाही. मी बोयेतच्या मनगटावर हात ठेवला आणि दाबला.

खुर्ची मोडली नाही. एवढंच आजचं यश.

९ मार्च, रविवार

पहिली आग, छोटी. चपलांच्या दुकानावरच्या माळ्याला लागली होती. तंबू लावला, खुर्च्या मांडल्या, पाणी ओतलं. एकही माणूस बसला नाही.

बोयेत आला, उभ्याउभ्या पाण्याची बाटली डोक्यावर ओतली आणि पळाला. दुसरे तर आलेही नाहीत. मी ओरडले. माझ्या ओरडण्यावर बंबाचं इंजिन बंद पडतं अशी ख्याती आहे. उपयोग झाला नाही.

खुर्च्यांच्या रंगाचा दोष नव्हता. दोष आमच्या सगळ्यांच्या रीतीचा. आगीवर पाच-सहा दलं एकदम पोचतात, सरकारी बंब वेगळे. नोझल ज्याच्या हातात, ती बाजू त्याच्या दलाची. तो दमून बाजूला झाला की शेजारच्या दलाचा माणूस पुढे सरकतो, आणि मग ती आग त्यांनी विझवलेली ठरते. वर्धापनदिनाच्या जेवणात, माशाचं ताट येईपर्यंत, तेच सांगतात सगळे. कुणाचं पाणी आधी पोचलं, कुणाचं शेवटपर्यंत राहिलं. नोझल सोडून बसलेल्या माणसाची गोष्ट मी आजवर कुठल्याही जेवणात ऐकलेली नाही.

'पहिली घंटा'चा कॅप्टन डेल्फिन तंबूसमोरून गेला. हा माझ्या शाळेतला. कुलपांचं दुकान आहे त्याचं, आणि तोंडाला मात्र कुलूप नाही.

"लिटा, वाढदिवस कुणाचा?"

"तुझे दिवस घालायचे असतील तेव्हा बोलावीन. नैवेद्याला काय आवडेल ते लिहून ठेव."

हसत गेला मेला.

आग विझत आल्यावर आहिया तंबूत आला. तपासणीला, म्हणाला. तंबूच्या खांबाला हात टेकून बराच वेळ उभा राहिला. खुर्च्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. चेहरा राखेसारखा झाला होता. धूरच तसा होता.

"बस ना," मी म्हटलं.

"त्यांच्यादेखत?" समोर 'पहिली घंटा'ची माणसं होज गुंडाळत होती. तो गेला. माझ्या कामावर अविश्वास, दुसरं काय! खुर्च्यासुद्धा मोजून घेतो.

१३ मार्च, गुरुवार

मी हे काम सोडावं का? माझ्या बटणांच्या दुकानात सुख आहे. तिथे माणूस येतो, बसतो, बटण निवडतो. त्याला बसवावं लागत नाही.

आहियाला म्हटलं, तू हुकूम काढ. तो म्हणाला, "हुकूम काढून नोझल सुटत नाही." हे तोच बोलतोय, ज्याने तरुणपणी हाताला फोड आले तरी नोझल सोडलं नव्हतं आणि ती गोष्ट आम्हाला प्रत्येक जेवणात ऐकवली होती. सांगताना आज त्याला दम लागत होता. गोष्टही जुनी झालीय.

१४ मार्च, शुक्रवार

आज दुकानासमोरच्या अरुंद गल्लीत एक टांगा आणि एक मालाचा टेम्पो समोरासमोर अडकले. दोघांपैकी कुणीही मागे हटेना. घोडा टेम्पोकडे बघतोय, टेम्पोवाला घोड्याकडे बघतोय, मागे सगळ्या बिनोन्दोचे भोंगे. शेवटी देवळातली म्हातारी उदबत्त्यांचा पुडा घेऊन मध्ये उभी राहिली आणि म्हणाली, "दोघेही मागे व्हा. एकदम. कुणी आधी नाही, कुणी नंतर नाही." आणि काय सांगू, झाले! दोघेही मागे झाले. घोडा तर आनंदाने झाला.

मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि तडक कुलपांच्या दुकानात गेले.

"डेल्फिन, तुझा नोझलवाला आणि माझा. जोडीने बाहेर येतील, जोडीने बसतील, जोडीने परत जातील. दोघे बसलेले असताना दोन्ही नोझल दोन्ही दलांच्या दुसऱ्या माणसांनी धरायची. बाजू कुणाचीच जाणार नाही."

तो एक किल्ली घासत होता. घासतच राहिला. "आणि माझा माणूस बसला नि तुझा बसलाच नाही तर?"

"मी एक-दोन-तीन म्हणीन. दोन बुडं एकदम टेकली पाहिजेत."

"इतकी वर्षं वायरलेसवर होतीस तेव्हा बरं होतं. नुसता आवाज यायचा."

"हो की नाही सांग."

"हो. माझा चितो परवा उतरताना शिडीवर डोळे मिटून उभा होता. मी बघितलं." मग म्हणाला, "पण हे माणसांचं झालं. कॅप्टन बसत नाही. माझ्या दलात नाही आणि तुमच्यात तर नाहीच."

"आहिया ना? तो झोपतोसुद्धा उभ्याने, असं वहिनी म्हणते."

डेल्फिनने किल्ली खाली ठेवली. "तब्येत कशी आहे त्याची?"

"बैलासारखी."

"देवळाच्या पायऱ्या चढताना थांबत होता."

"नमस्कार करत असेल."

"प्रत्येक पायरीवर?"

मला उगाच चौकशा करणारी माणसं आवडत नाहीत. मी त्याला सांगितलं, तुला दुसऱ्याच्या दलात नाक खुपसायची सवय शाळेपासून आहे. त्याने मान डोलावली आणि किल्ली परत घासायला घेतली.

करार झाला हे खरं. घरी येताना मी चक्क गुणगुणत होते.

१८ मार्च, मंगळवार

आग. मोठी. उद्या लिहीन. आहिया रुग्णालयात आहे. जिवंत आहे.

१९ मार्च, बुधवार

लिहायला बसले आहे, नीट क्रमाने लिहिते.

दुपारी एस्तेरोच्या, म्हणजे आमच्या नाल्याच्या, काठच्या गोदामाला लागली. प्लास्टिकच्या पिशव्या, खेळणी, देव जाणे काय काय. ऊन असं की बंबाचं पितळ हाताला चटका देत होतं. अलार्म, म्हणजे आग किती मोठी ते सांगणारा आकडा, वाढत वाढत पाचवर गेला. धूर येऊ नये म्हणून आम्ही वारा येतो त्या बाजूला तंबू ठोकला. बाहेर डांबर वितळत होतं आणि आत माझ्या गुलाबी खुर्च्या, पाठीवरचे मुकुट चमकावत, स्वागत समारंभासारख्या.

पहिल्या जोडीत बोयेत आणि चितो. काळेठिक्कर, कोटातून वाफा निघताहेत, दोघे खुर्चीसमोर उभे आणि दोघांचे डोळे एकमेकांच्या बुडाकडे.

"तू बस."

"तू बस ना, मी बघतो."

"एक," मी म्हटलं. "दोन. आणि जो फसवेल त्याच्या आईला मी स्वतः जाऊन सांगीन. तीन!"

बसले. दोघेही एकदम. माझ्या आयुष्यात मी खुर्चीचा इतका सुंदर आवाज ऐकलेला नाही.

एकच बादली तयार होती, दोघांचे हात तिच्यातच घातले. चार काळे हात त्या बर्फाच्या पाण्यात, आणि पाणी बघता बघता शाईसारखं झालं.

"तुझं बोट माझ्या बोटाला लागतंय," चितो म्हणाला.

"लग्न कर मग," बोयेत म्हणाला. आणि मग दोघे हसायला लागले, आणि हसता हसता बोयेतचं डोकं मागे टेकलं आणि तो डोळे मिटून नुसता श्वास घेत राहिला. ग्लेन्डाने नाडी बघितली आणि मला फक्त भुवया वर करून दाखवल्या. हा माणूस आत्ता परत आत जाणार होता, तसाच.

त्यानंतर ओघ लागला. जोड्या येत होत्या. एक-दोन-तीन म्हणायचीही गरज उरली नाही, आपसूक एकदम बसायला लागले. तिसऱ्या दलाने विचारलं, "आमचीपण जोडी लावा ना, आचि." सरकारी बंबावरचे दोघे तर न विचारताच येऊन बसले. मी ओरडत होते, "कोट काढ! बूट सैल कर! पाणी घोट घोट! आधी बस, मग बोल!" आणि माणसं ऐकत होती. धुरातून आलेली, मरणाची हट्टी माणसं, माझं ऐकत होती. ज्यांची नाडी उतरत नव्हती त्यांना परत पाठवलं नाही. एकाने हात जोडले, एकाने शिव्या दिल्या, मी दोघांना सारखंच पाणी दिलं. लिहिताना छाती फुगते आहे, फुगू दे. माझी वही आहे.

आलं घातलेला पातळ भात आणला होता, वर उकडलेलं अंडं. अंडी मोजकी. मी नियम केला, अंडं आत जाऊन आलेल्यालाच.

आहिया मात्र आला नाही. कोपऱ्यावर उभं राहून हुकूम देत होता, एक हात विजेच्या खांबावर. मी बोलावलं. "आधी माणसं," म्हणाला. पुन्हा बोलावलं. हात हलवून वाटेला लावलं. मला राग आला. माझं सगळं जग ऐकतंय आणि हा एकटा नाही.

एवढ्यात कॅप्टन डेल्फिन तंबूकडे येताना दिसला. दुपारभर पंपाजवळ सावलीत उभा होता तो, कोटाची घडीसुद्धा मोडली नव्हती. आणि आता पाय ओढत, लटपटत. सगळ्यांदेखत राजकन्येच्या खुर्चीत धप्पकन बसला आणि असा विव्हळला की पलीकडच्या बंबावरचे लोक वळून बघायला लागले.

"मेलो, लिटा! वय झालं माझं. गुडघे गेले."

त्याच्या माणसांनी तोंडं फिरवली. चितोला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी काय कमी बोलते? "या, घंटाराव! वाजलात का एकदाचे? दिवसभर पंपाला टेकून उभं राहायचेही कष्ट असतात नाही!" सगळे हसले. तोही हसला.

"अंडं?" म्हणाला.

"अंडी आत जाऊन आलेल्यांसाठी. तुझा कोट कोरडा आहे."

ग्लेन्डाने त्याचा रक्तदाब घेतला आणि बुचकळ्यात पडली. पुन्हा घेतला. "आचि, यंत्र बिघडलंय बहुतेक. यांचं सगळं लग्नाला निघालेल्या माणसासारखं येतंय." मी म्हटलं, उन्हाने बिघडलं असेल.

डेल्फिन तोवर खांबाकडे बघून हाका मारत होता. "आहिया! आहिया रुफिनो! मी एकटा बसलो तर ही पोरं मला जन्मभर चिडवतील. जोडीचा नियम तुमच्या बहिणीचाच आहे ना? या, अब्रू वाचवा माझी!"

आहियाने बघितलं. डेल्फिनकडे, मग त्याच्या माणसांकडे, मग माझ्याकडे. आणि आला. हळू हळू आला. डेल्फिनशेजारी बसला, आणि बसताक्षणी त्याचं सगळं अंग सैल पडलं, जणू मघापासून त्याला फक्त त्या विजेच्या खांबाने उभं धरलं होतं.

ग्लेन्डाने त्याचा कोट उघडला. आतला शर्ट घामाने चिंब आणि अंग थंडगार. एवढ्या उन्हात थंड. डावा हात पोटाशी धरलेला. तिचा आवाज बदलला. "आचि, ॲम्ब्युलन्स. आत्ता." तिने त्याच्या तोंडात गोळी ठेवली, चावा म्हणाली.

आमची ॲम्ब्युलन्स होजच्या जंजाळात अडकलेली. 'पहिली घंटा'ची मोकळी होती, तोंड रस्त्याकडे करून, इंजिन चालू. ती तशी का उभी होती कुणाला ठाऊक! स्ट्रेचर आलं आणि त्याचं एक टोक डेल्फिनने उचललं आणि धावत सुटला. गुडघे गेलेला माणूस असा पळाला की मागचं टोक धरलेला बोयेत फरपटत होता. मला तेव्हाही वाटलं, बघा, दोन मिनिटं बसण्याचा केवढा गुण! माझ्या तंबूचा गुण.

आहियाची मूठ माझ्या हातात होती. तो म्हणाला, "बाजू सोडू नका." बाजू सोडली नाही. आग विझली तेव्हा आमचं आणि त्यांचं, दोन्ही पाणी चालू होतं.

२२ मार्च, शनिवार

हृदयाची नळी बंद होत आली होती. डॉक्टरांनी उघडली, आत जाळी बसवली. म्हणाले, तासभर आणखी उभे राहिले असते तर आमच्याकडे आणायची गरज नव्हती.

आज बोलू दिलं.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं. "खिशात गोळ्या सापडल्या तुझ्या."

"जानेवारीपासून."

"आणि सांगितलं नाहीस. मला पंख्यासाठी भांडू दिलंस."

"प्रमुखाला बस म्हणायची दलात कुणाची हिंमत नाही. तुझी असेल, असं वाटलं होतं मला. म्हणून तंबू तुला दिला."

"मी दोनदा बोलावलं!"

"बोलावलंस. पण आपल्या माणसांच्या आणि त्यांच्या माणसांच्या मधे उभं राहून मी एकटा कसा बसणार, लिटा? अब्रू असते माणसाला." मग पुटपुटला, "डेल्फिनचं नशीब बघ. त्याला दमता तरी येतं."

वहिनीने माझ्यासमोर त्याला एवढं बोलून घेतलं की मला बोलायला काही उरलं नाही. एरवी हे सहन केलं नसतं. आज मी भिंतीला टेकून ऐकत बसले आणि प्रत्येक शिवी गोड लागली.

२६ मार्च, बुधवार

चितो आमच्या बादल्या परत द्यायला आला होता. तोंड उतरलेलं.

"काय झालं रे?"

"काय व्हायचं, आचि! सगळी दलं हसतात आम्हाला. कुणीतरी आमच्या दारावर गुलाबी खुर्ची टांगली. कॅप्टनच्या सीटवर उशी ठेवतात. आणि कॅप्टन काही बोलतच नाहीत. उशीवर बसतात!" त्याने हातातली बादली आपटली. "दुपारभर ते आत गेले नव्हते, आचि. होजला हातही लावला नव्हता. दमले कशाने? नुसते तुमच्या आहियांकडे बघत उभे होते. मला म्हणाले, ॲम्ब्युलन्स काढून तोंड फिरवून ठेव. मी म्हटलं, कुणासाठी? तर म्हणाले, ठेव. आणि मग एकदम गुडघेच गेले."

मी टॉवेलांच्या घड्या घालत होते. चितो गेल्यावर बघितलं, एकच टॉवेल परत परत घडी करत होते.

यंत्र ग्लेन्डाने दवाखान्यात नेऊन तपासून आणलं. बिघडलेलं नाही.

३० मार्च, रविवार

आज अग्निदलांच्या महासंघाच्या सभेला सगळी दलं होती. जोडीने बसण्याची रीत सगळ्यांनी घ्यायची ठरवली आणि मला पुढे बोलावून समजावून सांगायला लावलं. माझा फोटोही काढला, खुर्चीसकट. शहरात आता तीन दलांकडे तंबू आहेत. एकाच्या खुर्च्या पांढऱ्या आहेत, मला त्या फिक्या वाटल्या.

मी उभी राहिले आणि मनात जुळवलेलं भाषण बाजूला ठेवून एक नवा नियम सांगितला. आधी कॅप्टन बसतील, मग माणसं. कॅप्टन बसल्याशिवाय कुणाचंही बसणं मोजलं जाणार नाही.

मागून कुणीतरी "उशी आणू का?" म्हणालं आणि हशा पिकला. सगळ्यात मोठ्याने आमचा बोयेत.

"बोयेत, उभा राहा," मी म्हटलं. वायरलेसवरच्या आवाजात. "हसू नकोस. त्या दिवशी या शहरात एकच कॅप्टन योग्य वेळी बसला. त्याने बसून दाखवलं म्हणून माझा भाऊ बसला. ज्याला त्याचं हसू येतं त्याने माझ्या तंबूत पाय ठेवायचा नाही. जळत राहा बाहेर."

डेल्फिन पायाकडे बघत होता, कान लाल. मग पहिल्यांदा बोयेतने टाळी वाजवली, त्या फावड्यासारख्या हातांनी, आणि मग टाळ्या थांबेचनात.

घरी येताना मान ताठ होती. माझी, आणि खोटं कशाला बोलू, सगळ्या कासवांची.

२ एप्रिल, बुधवार

आहिया घरी आला. व्हरांड्यात बसतो, शेजारच्या म्हाताऱ्याला जोडीला घेऊन. दोघांपैकी आधी कोण बसतो यावर अजून भांडतात.

दुपारी बटणांचं दुकान बंद करून कुलपांच्या दुकानात गेले. गिऱ्हाईक नव्हतं. डेल्फिन एका जुन्या कुलपाचे आतले भाग मांडून बसला होता. मला बघून उठायला लागला.

"बस," मी म्हटलं.

बसला.

मी रुमाल सोडला आणि त्याच्यासमोर, किल्ल्यांच्या आणि स्क्रूंच्या मधोमध, एक उकडलेलं अंडं ठेवलं. अजून कोमट होतं.

तो अंड्याकडे बघत राहिला. "हे आत जाऊन आलेल्यांसाठी असतं, लिटा."

"माहीत आहे मला," मी म्हटलं.

त्याने कुलपाच्या कडेवर अंडं हलकेच फोडलं आणि सोलायला लागला, सावकाश, टरफलाचा एक तुकडाही स्क्रूंमध्ये पडू न देता. मी मिठाची पुडी उघडून त्याच्यापुढे सरकवली आणि त्याचं खाऊन होईपर्यंत समोरच्या स्टुलावर बसून राहिले.